आवळलेला बोल्ट सैल का पडतो: एका मफलरचं प्रकरण

पार्श्वभूमी

विमान म्हणजे रिमोटवर उडणारं मॉडेल, सव्वादोन मीटर पंखविस्ताराचं, कसरतीचं. इंजिन ५० सीसीच्या वर्गातलं: एक सिलिंडर, टू-स्ट्रोक, पेट्रोलवर चालणारं, एक्झॉस्ट बाजूला. मफलर (गाडीवाले ज्याला सायलेन्सर म्हणतात तोच) सिलिंडरला दोन बोल्टांनी धरलेला. बोल्ट एम ५ मापाचे (५ मिमी व्यासाचे), २० मिमी लांब, ॲलन कीने आवळायचे. डोक्याखाली स्प्रिंग वॉशर, आणि मफलरचा फ्लँज (ज्यातून बोल्ट जातात ती जाड पट्टी) व सिलिंडर यांच्यामध्ये गळती रोखणारं ०.८ मिमीचं गॅस्केट. इंजिनाच्या खोक्यातून निघालं तसंच सगळं बसवलेलं.

मालक निवृत्त गृहस्थ. मैदानावर सगळे त्यांना काका म्हणतात, इथेही तेच म्हणतो. छोट्या, मिथेनॉलवर चालणाऱ्या ग्लो इंजिनांवर त्यांचा हात पक्का बसलेला. हे त्यांचं पहिलं पेट्रोल इंजिन. काकांची एक सवय या प्रकरणात फार उपयोगी पडली: प्रत्येक उड्डाणानंतर ते वहीत दोन ओळी लिहितात. पुढचे आकडे त्या वहीतले आणि माझ्या व्हर्नियरचे आहेत.

काय बिघडलं

सहाव्या उड्डाणानंतर वहीत नोंद आहे: ‘फ्लँजखाली काळं तेल. दोन्ही बोल्ट पाव फेरा आवळले.’ नवव्यानंतर पुन्हा तेच. या वेळी काकांनी बोल्ट काढून निळा थ्रेडलॉकर (आट्यांत लावायचा गोंद) लावला. बाराव्यानंतर फ्लँजच्या कडेला परत काजळी. मग लाल थ्रेडलॉकर.

पंधराव्या उड्डाणात विमान सरळ वर चढत असताना आवाज एकदम फाटला. काकांनी लगेच थ्रॉटल बंद केला, इंजिन थांबवलं आणि विमान तरंगत खाली आणलं. खालचा बोल्ट गायब होता. मफलर वरच्या एकट्या बोल्टवर लटकलेला, आणि फटीतून निघालेल्या ज्वाळेने काऊलची (इंजिनावरच्या आवरणाची) आतली बाजू तळहाताएवढी करपलेली. रेझिन जळल्याचा वास संध्याकाळपर्यंत गेला नाही.

‘लालसुद्धा टिकला नाही रे,’ काका म्हणाले. त्यांचा प्रश्न सरळ होता: याहून जोरदार काय लावायचं?

निर्णयाची पहिली जागा, जी हातातून गेली

माझ्या मते प्रकरण पंधराव्या नव्हे, बाराव्या उड्डाणाला चुकलं. एकच उपाय दोनदा फसला की तोच उपाय अधिक जोरात करून पाहणं साहजिक असतं. निळा धरत नाही, म्हणून लाल. पण लाल जास्त चिवट असला, तरी जास्त उष्णता सोसणारा असतो असं नाही. नेहमीचा निळा साधारण १५० अंश सेल्सियसपर्यंत धरतो आणि नेहमीच्या लालचीही मर्यादा तेवढ्यातच असते. साधारण २३० अंशांपर्यंत टिकणारे प्रकार मिळतात, पण ते वेगळे मागून घ्यावे लागतात. एक्झॉस्टच्या तोंडाशी फ्लँज १५० अंश सहज ओलांडतो. वरचा बोल्ट मी काढला तेव्हा आट्यांमधून थ्रेडलॉकरची पांढुरकी भुकटी खडूसारखी गळाली. तो केव्हाच मेलेला होता.

तो जिवंत असता तरी प्रश्न सुटला नसता. तिथवर पोचायला मात्र मला स्वतःलाही एक चूक करावी लागली.

बोल्ट फिरला, की जागेवरच ढिला झाला?

सैल बोल्ट दिसला की तो थरथरीने उलटा फिरला असेल असं आपण धरून चालतो. हे इंजिन हवेत मिनिटाला सरासरी ६,००० फेरे घेतं असं धरलं, तर दहा मिनिटांत ६०,००० धक्के देतं. तेव्हा संशय गैर नाही. पण बोल्ट सैल होण्याच्या वाटा दोन आहेत. एक, तो फिरतो. दुसरी, तो अजिबात फिरत नाही, पण ज्याला तो दाबून धरतो तेच खाली बसतं आणि बोल्टचा ताण निघून जातो.

बोल्ट आवळणं म्हणजे त्याला स्प्रिंगसारखं ताणणं. एम ५ बोल्ट ५ न्यूटन-मीटरने आवळला तर ढोबळ हिशोबाने ५,००० न्यूटनचा, म्हणजे अर्ध्या टनाएवढा दाब येतो. पण त्यासाठी बोल्ट लांबतो किती? डोकं आणि आटे यांच्यात १२ मिमी अंतर असेल तर फक्त दोन शतांश मिलिमीटर. केसाच्या जाडीहूनही कमी. म्हणजे मधलं गॅस्केट दोन शतांश मिलिमीटर जरी दबलं, तरी अर्धा टन दाब शून्यावर येतो, आणि बोल्ट मात्र एक अंशही फिरलेला नसतो.

यात उष्णतेची भर. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. १० मिमी जाडीचा फ्लँज २०० अंशांनी तापला की तो बोल्टपेक्षा आणखी दोन शतांश जास्त वाढतो. गरम असताना गॅस्केट त्यामुळे जास्तच चिरडलं जातं, आणि थंड झाल्यावर तेवढी जागा मोकळी राहते. प्रत्येक उड्डाणाला एकदा तापणं, एकदा निवणं.

यातली कोणती वाट खरी हे ओळखायची युक्ती जुनीच आहे: बोल्टच्या डोक्यावरून फ्लँजवर रंगाची एक सलग रेघ ओढायची. फिरला तर रेघ तुटते.

जमिनीवरची चाचणी, आणि माझी चूक

मी ठरवलं की आधी काहीच बदलायचं नाही. नवं गॅस्केट, तसलेच २० मिमीचे बोल्ट, तसलेच स्प्रिंग वॉशर, थ्रेडलॉकर नाही. दोन्ही डोक्यांवर पिवळ्या रंगाची रेघ. विमान बांधून इंजिन दहा मिनिटं चालवायचं, पूर्ण निवू द्यायचं आणि पाहायचं.

आवळताना वरचा बोल्ट हळूहळू जड होत गेला, जसा व्हायला हवा तसा. खालचा मात्र शेवटपर्यंत हलका आणि मग एकदम ठक्क. हाताला ते जाणवलं होतं. पण काका बाजूला बोलत होते, मीही घाईत होतो, आणि ‘घट्ट बसला’ एवढ्यावर समाधान मानलं.

इंजिन निवल्यावर जे दिसलं त्याने दोघेही गप्प झालो. वरच्या बोल्टची रेघ जशीच्या तशी सरळ होती, पण ॲलन की लावली तर दोन बोटांनी फिरला. खालच्या बोल्टची रेघ घड्याळाच्या एका तासाएवढी सरकलेली. म्हणजे एकाच मफलरवर दोन बोल्ट दोन वेगवेगळ्या आजारांनी सैल झाले होते.

वरच्याचं कारण वर सांगितलंच. गॅस्केट मोजलं तर ०.८ वरून ०.६ मिमीवर आलेलं. खालच्यासाठी व्हर्नियरची मागची पट्टी भोकात घातली. वरच्या भोकात ११ मिमी खोलीपर्यंत आटे होते, खालच्यात फक्त ८. आता बेरीज करा: २० मिमीच्या बोल्टमधून फ्लँजचे १०, वॉशरचे १.२ आणि नव्या गॅस्केटचे ०.८ वजा केले की आत जायला उरतात बरोबर ८. गॅस्केट थोडं जरी दबलं तरी बोल्ट तळाला टेकणार. त्यानंतर कितीही आवळा, बोल्ट भोकाच्या तळाशी कुस्ती खेळतो, फ्लँजला दाबतच नाही. हाताला मात्र घट्ट लागतं. काकांनी सहाव्या आणि नवव्या उड्डाणानंतर मारलेला प्रत्येक पाव फेरा खालच्या बाजूला असाच वाया गेला होता.

बोल्ट बाहेर काढला तर टोकाच्या आट्यांत अ‍ॅल्युमिनियमचा चमकता कीस अडकलेला. भोकाचे आटे आधीच दमलेले असणार, पण उरलेसुरले माझ्या चाचणीने घालवले. भोकाची खोली मोजायला एक मिनिट लागतं. ते आधी केलं असतं तर खालच्या बोल्टसाठी चाचणीची गरजच नव्हती.

कोणते पर्याय होते

जास्त उष्णता सोसणारा थ्रेडलॉकर. हा सर्वांत सोपा आणि काकांचा आवडता. पण तो बोल्टला फिरू देत नाही, एवढंच. गॅस्केट बसल्यामुळे गेलेला ताण तो परत आणत नाही. शिवाय काढताना बोल्ट चांगलाच तापवावा लागतो. सैल जोडणीत न फिरणारा बोल्ट म्हणजे मफलर खडखडत राहणार, फक्त बोल्ट हरवणार नाही.

स्प्रिंग वॉशर बदलून नवे घालणं. यावर वेळ घालवला नाही. बोल्ट पुरेसा आवळला की स्प्रिंग वॉशर सपाट होतो आणि मग तो साधा वॉशरच उरतो. गेऱ्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली दाखवून दिलं की बोल्टला खरा धोका असतो तो जोडलेले भाग एकमेकांवर आडवे सरकण्याचा, आणि ते सरकणं थांबवतो तो पुरेसा दाब. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत साधे स्प्रिंग वॉशर फार काळ तग धरत नाहीत.

पाचरीच्या दातांचे जोड-वॉशर. फिरण्याविरुद्ध उत्तम, पण त्यांच्या खालचा पृष्ठभाग फार मऊ नको. मऊ अ‍ॅल्युमिनियमच्या फ्लँजमध्ये ते रुतत जातात, आणि रुतणं म्हणजे पुन्हा ताण जाणंच.

नायलॉनची नट तर एक्झॉस्टजवळ विचारातच घेऊ नये, नायलॉन मऊ पडतं. सिलिंडरमध्ये स्टड (डोकं नसलेले, आटे असलेले दांडे) पक्के बसवून वरून पूर्ण धातूची लॉकनट लावणं मला मनापासून आवडतं, कारण मफलर काढताना अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांना हात लागत नाही. पण या काऊलमध्ये मफलर स्टडवरून बाहेर ओढायला जागा नव्हती. काऊल कापायला काका तयार नव्हते. त्यावर आधीच करपल्याचं दुःख होतं.

लॉकिंग वायर, म्हणजे बोल्टच्या डोक्यांना आरपार भोक पाडून दोन्ही बोल्ट तारेने एकमेकांना बांधणं. मोठ्या विमानांतली पद्धत. तीही ताण राखत नाही, फक्त बोल्ट पडू देत नाही. विमा म्हणून ठेवायची ठरवली.

उरला तो लांब बोल्टचा मार्ग. मफलरवाले लोक हा फारसा चर्चेत आणत नाहीत याचं मला नवल वाटतं. डोक्याखाली स्टीलचा बुश (पोकळ नळीचा तुकडा) घालून बोल्ट लांब केला की तोच दाब द्यायला तो जास्त ताणावा लागतो. डोकं आणि आटे यांच्यात १२ ऐवजी २८ मिमी अंतर असेल तर बोल्ट दोन शतांशाऐवजी जवळजवळ पाच शतांश मिलिमीटर लांबतो. मग जोडणी दोन शतांश बसली तरी निम्म्याहून जास्त दाब शिल्लक राहतो. बुश स्टीलचा असल्याने तो बोल्टइतकाच फुगतो, म्हणजे उष्णतेचा जास्तीचा घोळही वाढत नाही.

काय केलं

आधी गॅस्केटला रजा. फ्लँज काचेवर ठेवला तर मधोमध खालून ०.१ मिमीची फीलर गेज (फट मोजायची पातळ पत्ती) सरकत होती. वेल्डिंगच्या उष्णतेने फ्लँज ओढला गेला होता. काचेवर ४०० नंबरचा वॉटर पेपर चिकटवून, मार्करने फ्लँज निळा करून, आठाच्या आकड्यासारखा घासला. आधी फक्त दोन टोकांची शाई जायची. मधली शाई जायला पाऊण तास लागला. सिलिंडरची बाजू सपाटच होती. ती घासायची असती तर आधी पोर्ट (सिलिंडरचं एक्झॉस्टचं तोंड) बंद करावं लागलं असतं, आत कण गेले तर पिस्टनची वाट.

खालच्या भोकात हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवली. आंधळं, म्हणजे आरपार नसलेलं, भोक असल्याने तळापर्यंत आटे पाडणारा टॅप लागतो, आणि दर अर्ध्या फेऱ्याला मागे घेऊन कीस काढत राहावा लागतो. वरच्या भोकाला हात लावला नाही.

लेथवर ९ मिमी व्यासाचे, १७ मिमी लांबीचे दोन बुश करून घेतले. बोल्ट ३५ मिमीचे. फ्लँजचे १०, बुशचे १७ आणि साध्या कठीण वॉशरचा १ वजा केला की ७ मिमी आत जातात. वरचं भोक खोल होतं, तिथे आणखी लांब बोल्ट चालला असता. पण मैदानावर घाईत दोन बोल्टांची अदलाबदल झाली की पुन्हा तेच प्रकरण. म्हणून दोन्ही एकाच मापाचे. एक बुश मफलरच्या नळीला घासत होता, त्याची एक बाजू कानशीने उतरवली.

सपाट झालेल्या तोंडांवर जास्त उष्णतेच्या सिलिकॉनचा अगदी पातळ हात फिरवला आणि तो ओला असतानाच बोल्ट ५ न्यूटन-मीटरने आवळले, म्हणजे धातूला धातू भिडतो आणि सिलिकॉन फक्त ओरखड्यांत उरतं. ते सुकायला एक दिवस दिला.

पहिल्या टाकीनंतर काकांनी विचारलं, ‘गरम असतानाच आवळून टाकू का?’ नको. गरम असताना फ्लँज फुगलेला असतो. तेव्हा मोजून आवळलं तर निवल्यावर फ्लँज आक्रसतो आणि तेवढा ताण जातो. पूर्ण थंड होऊ द्यायचं, मग आवळायचं. पहिल्या वेळी वरचा बोल्ट जेमतेम हलला, खालचा नाही. दुसऱ्या टाकीनंतर दोन्ही जागचे हलले नाहीत. तार त्यानंतरच बांधली, कारण ती बांधली की आवळणं बंद. ०.८ मिमीची स्टेनलेस तार, पीळ असा की तिचा ओढा दोन्ही बोल्टांना आवळण्याच्या दिशेने जावा. डोक्यांना १ मिमीची भोकं पाडताना दोन ड्रिल बिट तुटले. पुढच्या वेळी भोकं असलेलेच बोल्ट मागवीन.

थरथरीचं आणखी एक कारण तपासायला प्रॉप (विमानाचा पंखा) तोल पाहायच्या बॅलन्सरवर ठेवला तर एक पातं सरळ खाली गेलं. तोही दुरुस्त केला.

निकाल

त्यानंतर चाळीस उड्डाणं झाली. पहिल्या, तिसऱ्या, दहाव्या आणि नंतर दर दहा उड्डाणांनी रेघ पाहिली आणि की लावून पाहिली. रेघ सरळ, बोल्ट हलत नाही, फ्लँजखाली काजळी नाही.

तेविसाव्या उड्डाणानंतर मात्र तार तुटलेली सापडली. तिचा पीळ सिलिंडर गार ठेवणाऱ्या एका पट्टीला, म्हणजे फिनला, टेकत होता आणि घासून घासून कापला गेला. बोल्ट तसेच घट्ट. काका हसले, ‘राखणदारच पळाला!’ नवी तार फिनपासून दूर वळवून बांधली.

काय वेगळं करता आलं असतं

बाराव्या उड्डाणानंतर विमान जमिनीवर ठेवायला हवं होतं. काऊल वाचली असती. तेव्हा फक्त रंगाची रेघ ओढली असती तरी अर्धं उत्तर मिळालं असतं.

मोजमाप आधी, इंजिन नंतर, हा क्रम मी पाळला नाही. हाताला लागलेल्या ‘ठक्क’वर थांबलो असतो तर हेलिकॉइल कदाचित टळली असती.

आणखी एक गोष्ट मला खटकते. आम्ही गॅस्केट, सपाटपणा, बोल्टची लांबी, भोकाचे आटे, प्रॉपचा तोल आणि तार हे सगळं एकाच वेळी बदललं. त्यामुळे कशाने किती फरक पडला हे छातीठोकपणे सांगता येत नाही. तळाला टेकणारा बोल्ट हे खालच्या बाजूचं कारण होतं, यात शंका नाही. वरच्या बाजूला मात्र नुसतं गॅस्केट काढून भागलं असतं की बुश खरंच लागले, हे एकेक बदल करून पाहिलं असतं तरच कळलं असतं. काकांना उडायचं होतं, प्रयोग करायचे नव्हते, आणि विमान त्यांचं होतं.

वरच्या भोकात अजून मूळचे अ‍ॅल्युमिनियमचेच आटे आहेत. पुढच्या वेळी मफलर उतरेल तेव्हा त्यातून कीस निघाला, तर तिथेही हेलिकॉइल बसवायचं काकांनी वहीत आधीच लिहून ठेवलंय.